रेडियमची ओळख, चार रविवारांत: सोलापुरातील एका विज्ञानवर्गाविषयी

सोलापुरातील मुलांना ‘रेडियम’ हा शब्द शाळेत शिकावा लागत नाही. रिक्षाच्या पाठीवर, दुचाकीच्या नंबरप्लेटवर, ‘येथे रेडियमचे काम करून मिळेल’ अशा पाट्यांवर तो त्यांना अक्षरओळख होताच भेटतो, आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉलीला मागून रेडियम लावले होते की नाही यावर घरोघरी बोलणे होते. माझी मुलगी सातवीत आहे आणि भाचा पाचवीत. दोघांच्याही मनात रेडियम म्हणजे गाडीचा प्रकाश पडला की लखलखणारी पट्टी, एवढाच अर्थ होता. त्यामुळे जुळे सोलापुरातील एक निवृत्त शिक्षिका मे महिन्यातील चार रविवारी मुलांना केवळ एकाच मूलद्रव्याची ओळख करून देतात आणि यंदा ते मूलद्रव्य रेडियम आहे, असे समजले तेव्हा मी दोघांचीही नावे दिली. किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरण बाहेर टाकणाऱ्या, पदार्थाविषयी दहा-बारा वर्षांच्या मुलांना काय सांगावे आणि किती सांगावे, याची मला मनातून धास्ती होती. पालकांना मागे बसण्याची मुभा आहे असे कळल्यावर मी चारही रविवार पूर्ण वेळ वही घेऊन बसले, आणि हा अभिप्राय त्या वहीवरूनच लिहीत आहे.

वर्गाला पाटी नाही आणि नावही नाही. मुले त्याला ‘बाईंचा रविवारचा वर्ग’ म्हणतात आणि नवी मुले ओळखीतून येतात. वेळ सकाळी आठ ते दहा, मुले सोळा, चार रविवारांचे शुल्क ५०० रुपये, आणि त्यातच टिपणांची एक छापील पुस्तिका मिळते. बाईंच्या मदतीला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी असतो. पूर्व भागातून येणाऱ्या काही मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, दोघा-तिघांच्या घरी कन्नड, तरी वर्ग संपूर्ण मराठीत चालतो.

पहिल्या रविवारी टेबलावर बुटांची तीन खोकी होती आणि प्रत्येकाला डोळा लावण्यापुरते एक भोक पाडलेले होते. पहिल्या खोक्यात नंबरप्लेटवर लावतात ती पट्टी होती. भोकातून पाहिले तर मिट्ट काळोख. मात्र डोळ्याशेजारी छोटी विजेरी धरली की तीच पट्टी एकदम झळाळून उठे. या पट्टीत काचेचे अतिशय बारीक मणी असतात, ते आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात आणि पट्टीचा स्वतःचा प्रकाश कणभरही नसतो, हे मुलांनी स्वतः पाहिल्यामुळे फारसे समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या खोक्यात मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात तशी प्लॅस्टिकची चांदणी होती. ती आधी पाच मिनिटे उन्हात धरलेली होती. ती अंधारातही हिरवट दिसत होती, पण वर्ग संपताना तासाभराने पुन्हा पाहिली तेव्हा जेमतेम दिसली. तिने उन्हातून प्रकाश साठवून घेतला होता आणि तो ती थोडाथोडा परत देत होती. तिसऱ्या खोक्यात काहीच दिसेना. मुलांनी विजेरी लावून पाहिली, खोके हलवून पाहिले, डोळे अंधाराला सरावू दिले, तरी काही नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, “यात रेडियम असायला हवे होते. मी ते ठेवलेले नाही आणि का ठेवलेले नाही, हे कळायला आपल्याला चार रविवार लागणार आहेत.”

ते रिकामे खोके चारही रविवार टेबलावर तसेच राहिले. मुलांना भीती दाखवण्याचा किंवा अद्भुत काही दाखवण्याचा मोह टाळून शिकवायचे कसे, याचे इतके नेमके उदाहरण मी तरी आजवर पाहिलेले नव्हते.

रस्त्यावरच्या पट्टीला रेडियम का म्हणतात, याचेही उत्तर त्याच दिवशी मिळाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाचे काटे आणि आकडे अंधारात दिसावेत म्हणून त्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. अशी घड्याळे आपल्याकडेही आली, आणि अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला पुढे तेच नाव चिकटले असावे. मूलद्रव्य गेले आणि शब्द राहिला. येथे बाईंनी एक बारकावा सांगितला, तो पुस्तिकेत मात्र चुकलेला आहे. घड्याळावरचा हिरवा प्रकाश हा रेडियमचा स्वतःचा नसतो. रंगात जस्ताचा एक संयुग, झिंक सल्फाइड, मिसळलेला असतो. रेडियममधून सुटलेले कण त्याच्यावर आदळतात आणि त्या आघाताने तो संयुग उजळतो. शुद्ध रेडियमच्या क्षारांचा प्रकाश अगदी मंद आणि निळसर असतो. पुस्तिकेत मात्र ‘रेडियम अंधारात हिरवे चमकते’ असे सरळ वाक्य आहे. हा फरक लहान नाही, कारण त्यातूनच पुढे एक छान गोष्ट कळते: शंभर वर्षांपूर्वीचे घड्याळ आज अंधारात दिसत नाही ते त्यातले रेडियम संपले म्हणून नव्हे. आघात सोसून झिंक सल्फाइड निकामी झालेले असते. रेडियम अजून शेकडा पंचाण्णवहून अधिक शिल्लक असते. एका मुलाने आजोबांचे जुने गजराचे घड्याळ माळ्यावर असल्याचे सांगितले, तेव्हा ते उघडू नये, तबकडी खरवडू नये आणि मोठ्यांना सांगून ठेवावे, एवढाच सल्ला बाईंनी शांतपणे दिला.

दुसऱ्या रविवारचा पहिला तास मेरी आणि पिएर क्यूरी यांचा होता. ही कथा मराठी घरांत अनेकदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा ती त्याग आणि कष्ट यांच्या गौरवातच संपते. बाईंनी ती मोजमापांतून सांगितली. १८९६ मध्ये हेन्री बेक्रेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण बाहेर पडतात असे आढळले. बोहेमियातील योआखिमस्थाल येथील खाणीतून येणारे पिचब्लेंड हे खनिज, त्यात जेवढे युरेनियम आहे त्या मानाने फारच जास्त किरण देते, हे मेरी क्यूरींच्या ध्यानात आले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेले असले पाहिजे. १८९८ च्या जुलैमध्ये पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम यांची घोषणा झाली, पण हातात दाखवायला काही नव्हते. ते मिळवण्यासाठी युरेनियम काढून घेतल्यानंतर उरलेला पिचब्लेंडचा गाळ टनांनी आणून, गळक्या छपराखाली उकळून, ढवळून, गाळून १९०२ मध्ये हाती आले ते सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड. हा आकडा मुलांच्या हाती यावा म्हणून बाईंनी सराफाकडे असतो तसा छोटा तराजू आणला होता. मुलांनी ०.१ ग्रॅम मीठ मोजले. ते बोटाच्या टोकाला चिकटण्याइतके भरले. मग बाईंनी विचारले, “क्विंटलची किती पोती म्हणजे एक टन?” दहा पोती, हे शेतकरी घरच्या मुलांनी लगेच सांगितले. दहा-दहा पोत्यांच्या अनेक थप्प्या एका बाजूला आणि बोटावरचे हे मीठ दुसऱ्या बाजूला, असे चित्र उभे राहिल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

नोबेल पुरस्कारांवर बाई फार रेंगाळल्या नाहीत. १९०३ चा भौतिकशास्त्राचा आणि १९११ चा रसायनशास्त्राचा, एवढे सांगून त्या आवर्तसारणीकडे वळल्या. रेडियमचा अणुक्रमांक ८८, आणि त्याचे स्थान कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांच्याच उभ्या रांगेत, सर्वांत खाली. “एका रांगेतली भावंडे स्वभावाने सारखी असतात, हे लक्षात ठेवा, चौथ्या रविवारी याची गरज पडणार आहे,” एवढेच त्या म्हणाल्या. भिंतीवरची सारणी मात्र संपूर्ण इंग्रजीत होती. मराठी माध्यमातील पाचवीच्या मुलांना तीवरची नावे वाचता येत नव्हती आणि माझा भाचा शेजारच्या मुलीला विचारून विचारून लिहीत होता. इतक्या विचाराने आखलेल्या वर्गात ही उणीव खटकते. हाताने लिहिलेली मराठी सारणीही पुरली असती.

दुसरा तास चिंचोक्यांचा होता, आणि संपूर्ण वर्गातील सर्वोत्तम भाग मला तोच वाटला. सारीपाटासाठी किंवा पटावरच्या खेळासाठी चिंचोका दगडावर घासून त्याची एक बाजू पांढरी करतात, तसे ५१२ अर्धे चिंचोके बाईंनी सुट्टीत तयार करून ठेवले होते. चार गट, प्रत्येकाला १२८ चिंचोके आणि एक सूप. प्रत्येक चिंचोका म्हणजे रेडियमचा एक अणू. चिंचोके उधळायचे, पांढरी बाजू वर आलेले ‘फुटले’ म्हणून बाजूला काढायचे, उरलेले मोजून लिहायचे आणि पुन्हा उधळायचे. माझ्या मुलीच्या गटात १२८ चे ६७ झाले, मग ३१, १७, ८, ३, आणि शेवटी एकच चिंचोका असा उरला की तो तीन वेळा उधळला तरी पांढरा होईना. मुले त्याच्या नावाने ओरडू लागली. तेव्हा बाईंनी विचारले की, हा फुटणार कधी हे कोणाला सांगता येईल का. आणि नाही, तर १२८ पैकी साधारण निम्मे पहिल्याच खेपेला फुटतील हे सगळ्यांना आधीच कसे ठाऊक होते? एका अणूविषयी काहीच सांगता येत नाही आणि असंख्य अणूंविषयी मात्र जवळजवळ अचूक सांगता येते, हा विचार मोठ्या माणसांनाही सहजी पचत नाही. चारही गटांचे आकडे मिळवले तेव्हा ते निम्म्याच्या आणखी जवळ गेले, हे फळ्यावर दिसले आणि मुलांनी ते स्वतःच बोलून दाखवले. पूर्व भागातील एका मुलाने आपल्या धाकट्या भावाला ‘सगम्, सगम्’ असे म्हणत तेलुगूतून निम्म्याचा हिशेब समजावला, तो क्षण मला विशेष आवडला. चिंचोके सारखे घासले गेलेले नसतात, त्यामुळे हा खेळ थोडा एका बाजूला झुकतो, हेही बाईंनी लपवले नाही.

रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे; म्हणजे आपली एक खेप १६०० वर्षांची. हा काळ किती, हे सांगताना त्यांनी सोलापूरकरांना समजेल तेच माप घेतले. बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला त्या काळात, कोणी एक ग्रॅम रेडियम डबीत ठेवले असते, तर आज त्यातले सुमारे ०.७ ग्रॅम शिल्लक असते; एक खेपसुद्धा अजून पुरी झालेली नाही. आणि तरीही एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला ३,७०० कोटी अणू फुटत असतात. मुलांच्या कपाळावर आठ्या पडल्या, तेव्हा बाईंनी एका ग्रॅममधील एकूण अणूंची संख्या फळ्यावर लिहिली: २६६ आणि त्यापुढे एकोणीस शून्ये. शून्ये लिहायला एका मुलाला पुढे बोलावले होते, त्याला फळा अपुरा पडला.

पाचवीतली मुले मात्र येथे मागे पडली, हे नमूद केले पाहिजे. अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे हे त्यांना कळले, पण ०.७ हा आकडा कोठून आला हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि पुस्तिकेतील त्या पानावरची तीन गणिते सातवीच्या मुलांनाही जड होती. घरी मला एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी लागली.

त्या गणितांतूनच माझ्या मुलीला एक प्रश्न पडला आणि तिने तो तिसऱ्या रविवारी विचारला: पृथ्वी इतकी जुनी आहे, तर दर १६०० वर्षांनी निम्मे होणारे रेडियम आजवर शिल्लक कसे राहिले? बाईंना हा प्रश्न अपेक्षित असावा, तरी तो मुलांकडून येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली होती. त्यांनी उजनी धरणाचे उदाहरण घेतले. आपल्या घरातील टाकी नळाने रिकामी होत असते, तरी ती आठवड्यामागून आठवडे कोरडी पडत नाही, कारण उजनीतून पाणी येत राहते. युरेनियम हे रेडियमचे उजनी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाइतकेच. ते फुटत फुटत, मध्ये अनेक मूलद्रव्यांची रूपे घेत, रेडियम होते. रेडियम फुटून रेडॉन नावाचा वायू होतो, आणि शेवटी साखळी शिशावर येऊन थांबते. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस. रविवारी सकाळी आठ वाजता बाटलीत बंद केलेला रेडॉन गुरुवारच्या पहाटेपर्यंत निम्मा होतो, हे मुलांनी बोटांवर मोजून काढले. वर्षाआड पाण्याची चिंता करणाऱ्या गावात हे उदाहरण कोणालाही दोनदा सांगावे लागले नाही.

तिसऱ्या रविवारचे मुख्य आकर्षण होते गायगर यंत्र, म्हणजे किरणोत्सार मोजणारे टिकटिक यंत्र. वर्गात कोणताही किरणोत्सारी नमुना आणणार नाही असे बाईंनी सुरुवातीलाच सांगितले होते. यंत्र सुरू केले तर ते लगेच टिकटिकू लागले आणि मुले दचकली. जमिनीतून, भिंतीतून आणि आकाशातून सदोदित येणारा हा मंद किरणोत्सार आहे आणि तो माणूस जन्मण्याच्या आधीपासून आहे, हे त्यांनी घाई न करता सांगितले. मग पाच-पाच मिनिटांच्या मोजण्या झाल्या. रिकाम्या टेबलावर १०४ टिकटिक, काळ्या पाषाणाच्या तुकड्यापाशी ९८, ओट्याच्या ग्रॅनाइटच्या तुकड्यापाशी १२१ आणि पुन्हा मोजले तेव्हा १२६, शेतात टाकतात त्या पोटॅशच्या किलोभर पिशवीपाशी १६३. पाषाणामुळे किरण कमी झाले का, या प्रश्नावर त्यांनी चिंचोक्यांची आठवण करून दिली: १२८ चे दर वेळी ६४ झाले नव्हते, तसेच १०४ आणि ९८ यांत खरा फरक आहे असे म्हणता येत नाही. ग्रॅनाइटबाबत मात्र दोनदा मोजून शंका बळावली, आणि पोटॅशबाबत शंकाच उरली नाही. आपला दख्खनचा काळा पाषाण ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या बाबतीत गरीब आहे, आणि केरळच्या काही किनाऱ्यांवर थोरियमयुक्त वाळूमुळे आपल्यापेक्षा कितीतरी अधिक टिकटिक ऐकू येईल, एवढा भूगोलही त्यात आला.

पोटॅशच्या पिशवीने काही पालकही चमकले. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो, आणि त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. पोटॅशियम खतात असते तसेच अन्नातही असते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे ७०० मिलिग्रॅम असते, म्हणजे आपल्या शेंगाचटणीतही दर सेकंदाला वीसेक अणू फुटत असतात. आणि ३५ किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात दर सेकंदाला दोन हजारांच्या आसपास. “मग चटणी खायची नाही का?” असे एकाने विचारले. बाईंचे उत्तर मी जसेच्या तसे लिहून घेतले आहे: “खायची. किरणोत्सार आहे का, हा अर्धा प्रश्न झाला. किती आहे, शरीरात कोठे जातो आणि किती काळ राहतो, हा उरलेला अर्धा. पोटॅशियमचे प्रमाण शरीर स्वतः राखते, जास्त झाले तर बाहेर टाकते. रेडियमचे तसे होत नाही, ते पुढच्या रविवारी.”

या दिवसाबद्दल माझा एक आक्षेप आहे. पोटॅशियममधून बीटा कण निघतात, रेडियममधून मुख्यतः अल्फा कण, आणि वर्गातल्या यंत्राच्या काचेच्या नळीतून अल्फा कण आतच जात नाहीत. साधा कागदही त्यांना अडवतो. मात्र हेच कण शरीराच्या आत शिरल्यावर सर्वांत जास्त हानी करतात. चौथ्या रविवारची सगळी कथा या एका गोष्टीवर उभी आहे, आणि नेमकी तीच शेवटच्या पाच मिनिटांत उरकली गेली. कारण समजण्यासारखे होते. नऊच्या सुमारास वीज गेली, पंखे थांबले, वरच्या मजल्यावरची ती खोली तापली आणि मुलांचे लक्ष पाण्याच्या बाटल्यांकडे गेले. सोलापुरात मे महिन्यात वर्ग भरवायचा तर तो सातला सुरू करावा, असे मी बाईंना सुचवले आहे.

चौथ्या रविवारी बाईंनी रिकामे खोके मुलांच्या मधोमध ठेवले आणि अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावच्या कारखान्याची हकिकत सांगितली. १९१७ पासून तेथे तरुण मुली घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगवत. आकडे बारीक असत, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करायचे, रंगात बुडवायचे आणि रंगवायचे, असे त्यांना शिकवले गेले होते. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जाई. त्याच कंपनीतील रसायनतज्ज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत. काही वर्षांत या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे ठिसूळ झाली, अंगातले रक्त कमी झाले. येथे बाई थांबल्या आणि आवर्तसारणीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, रेडियमची भावंडे कोण? “कॅल्शियम,” तीन-चार मुले एकदम म्हणाली, आणि पाठोपाठ माझा भाचा म्हणाला, “म्हणजे ते हाडांत गेलं.” दुसऱ्या रविवारी पेरलेले एक वाक्य असे चौथ्या रविवारी उगवले. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि तेथे ते माणसाच्या उरलेल्या आयुष्यभर फुटत राहते.

पुढचा भाग विज्ञानाइतकाच न्यायाचा होता. कंपनीने स्वतः नेमलेल्या तज्ज्ञांनी १९२४ मध्ये धोका दाखवला, तो अहवाल कंपनीने दडवला. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलंड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने या कामगारांच्या शरीरातील किरणोत्सार मोजून दाखवला. या कामगारांपैकी ग्रेस फ्रायर हिला वकील मिळवायलाच दोन वर्षे लागली. १९२७ मध्ये तिच्यासह पाच जणींचा दावा उभा राहिला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा प्रत्येकीला १० हजार डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मान्य झाला. पुढे किती रेडियम शरीरात गेले तर धोका संभवतो याची पहिली मर्यादा ठरली, ती या बायकांच्या शरीरावरील नोंदींतून.

ही हकिकत चालू असताना कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून येणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, माझी आजीपण मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि त्याच हाताने पाणी पिते. तिला कोणी सांगितलंय का?” सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात आणि हजार विड्यांवर मजुरी घेतात, वर्गात हा प्रश्न येणे स्वाभाविक होते, पण त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. बाईंनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तंबाखूच्या पानात पोलोनियम असते, हे खरे आहे आणि ते रेडियमच्याच साखळीतून येते: मातीतील रेडियममधून रेडॉन हवेत येतो, त्याचे पुढचे घन रूप पानावर बसते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत ते धुराबरोबर जाते. मात्र विडी वळणाऱ्या आजीला त्रास होतो तो मुख्यतः तंबाखूच्या धुळीचा आणि कातडीतून शिरणाऱ्या निकोटिनचा; तिच्यासाठी हात धुणे, काम आणि जेवण यांची जागा वेगळी ठेवणे आणि लहान मुलांना तंबाखूपासून दूर ठेवणे हे महत्त्वाचे. आजीला घाबरवायचे नाही, सांगायचे मात्र आहे, असे त्या म्हणाल्या. त्या मुलीने हे सर्व वहीत लिहून घेतले. किरणोत्साराचे नाव काढून भीती वाढवणे किती सोपे होते आणि बाईंनी ते किती कटाक्षाने टाळले, हे मला त्या दहा मिनिटांत दिसले, आणि वर्गाचे शुल्क मला तेथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

तरीही दोन गोष्टींबद्दल मी बाईंशी स्पष्ट बोलले. पहिली गोष्ट छायाचित्रांची. जबडा सुजलेल्या कामगार स्त्रीचे मोठे छायाचित्र कोणतीही पूर्वसूचना न देता पडद्यावर आले. मोठी मुले गप्प झाली; माझा भाचा त्या दुपारी जेवला नाही आणि रात्री त्याने आईजवळ झोपायचा हट्ट धरला. हकिकत शब्दांतून पुरेशी पोहोचली होती. आठवीच्या पुढील मुलांनाच छायाचित्रे दाखवावीत, आणि तीही आधी सांगून, असे मला वाटते. बाईंनी ते मान्य केले. दुसरी गोष्ट वरकरणी किरकोळ आहे. निरोप घेताना प्रत्येक मुलाला चमकणाऱ्या चांदण्यांचे एक पाकीट भेट मिळाले, आणि त्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापले होते: ‘रेडियम स्टार’. पहिल्या रविवारी तीन खोक्यांतून जो घोळ इतक्या कष्टाने सोडवला, तोच पुन्हा मुलांच्या खिशात घालून त्यांना घरी पाठवले गेले. बाजारात मिळते ते असेच मिळते, हे मला ठाऊक आहे. किमान पाकिटावर एक कोरी चिठ्ठी चिकटवायला हवी होती. माझ्या मुलीने घरी आल्यावर पेनाने ‘रेडियम’ खोडून त्यावर ‘फॉस्फर’, म्हणजे प्रकाश साठवून चमकणारा पदार्थ, असे लिहिले, मग धाकट्या शेजाऱ्याला बोलावून त्याला अंधाऱ्या कपाटात ती चांदणी आणि गाडीच्या पट्टीचा तुकडा दाखवला.

सहावी ते नववीच्या मुलांसाठी हा वर्ग मी निःसंकोच सुचवेन. पाचवीच्या मुलांना पाठवायचे तर एका पालकाने सोबत बसावे आणि गणितांची पाने घरी हळूहळू सोडवून घ्यावीत. पुस्तिका दुरुस्त होईपर्यंत रेडियमच्या प्रकाशाविषयीचे वाक्य पालकांनीच सुधारून द्यावे. खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, वाहन लावायला खाली जागा आहे, पिण्याचे पाणी घरून न्यावे.

पुढच्या मे महिन्यात बाई थोरियम घेणार आहेत. गड्ड्याच्या यात्रेत पूर्वी पेटत असलेल्या गॅसबत्तीची जाळी, जिला सगळे मेंटल म्हणत आणि जिच्यात हे मूलद्रव्य असे, तेथून सुरुवात करण्याचा त्यांचा विचार आहे, आणि ती जाळीही वर्गात येणार नाही असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे. माझ्या मुलीचे नाव मी दिले आहे. भाच्याने स्वतःच फोन करून आपले नाव दिले, आणि भिंतीवरचा तक्ता मराठीत असेल का, हेही विचारून घेतले.